हमीदमामा आणि काच

शेजारच्या फ्लॅटमधले हमीदमामा दुपारच्या जेवणाच्या वेळेला आमची बेल वाजवतात, चपला काढून आत येतात, माझ्या नातवाच्या हातातला मोबाईल काढून घेतात आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन तो तांदळाच्या डब्यात पुरतात. वरून दोन मुठी तांदूळ टाकून झाकण लावतात. मग हात झटकत म्हणतात, "ऱ्हाऊ दे तिथं. त्याला पण कळू दे, जेवण काय चीज असते."

पहिल्यांदा त्यांनी हे केलं तेव्हा ते नुकतेच राहायला आले होते आणि आमची ओळखही नव्हती. मला वाटलं, भरदुपारी चोर शिरला. पण चोर मोबाईल घेऊन जातो, आपल्याच घरात पुरून ठेवत नाही. तांदूळच का, असं मी नंतर विचारलं. तर म्हणाले, "पाण्यात पडलेला फोन लोक तांदळात ठेवतात ना, अक्का? तांदूळ ओल ओढून घेतो. मग खोड पण ओढंल." खोड काही गेली नाही. सुनेच्या मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकातून एकदा कणी मात्र निघाली.

मामा उरणकडचे कोकणी मुसलमान. सगळा जन्म मालवाहू बोटींवर स्वयंपाकी म्हणून गेला. बायको वारली, एकुलती मुलगी शबनम लग्न होऊन मस्कतला गेली. मग गावचं घर पुतण्याला दिलं आणि शबनमने इथे घणसोलीत घेऊन ठेवलेल्या फ्लॅटमध्ये एकटे येऊन राहिले. माणूस दारात उभा राहिला की दार भरतं. आवाज इंजिनाच्या घरघरीवरून हाका मारून कमावलेला. "अक्का, कोथिंबीर हाय का?" एवढं विचारलं तरी खालचा वॉचमन मान वर करून बघतो.

मोबाईलला ते मोबाईल म्हणत नाहीत, काच म्हणतात. "काच काढ." "काच दिली का पोराला?" मोबाईल बघत जेवणारं पोर म्हणजे काचखाऊ. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळीच पोरं काचखाऊ आहेत. दुपारी जिन्याने वर चढत गेलं की प्रत्येक दाराआडून तेच एक गाणं ऐकू येतं. पहिल्या मजल्यावर सुरू होतं, दुसऱ्यावर मध्यावर असतं, तिसऱ्यावर परत पहिल्यापासून. लिफ्ट बंद असली की मला ते गाणं पाठ होतं.

मला स्वतःला मोबाईलचा राग नाही. राग यायला अंगात जोर लागतो. माझा नातू रेयांश दीड वर्षाचा आहे. मी त्याला बाळ्याच म्हणते, मला ते नाव नीट घेता येत नाही. त्याची आई पल्लवी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करते, कानात ते घालून दिवसभर कुणाकुणाला सॉरी म्हणते. मुलगा सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. पोर माझ्याकडे. एक वाटी वरणभात भरवायला मला तासभर लागतो आणि माझे गुडघे तासभर उकिडवे बसत नाहीत. मोबाईल लावला की पोर तोंड उघडतं, मी घास घालते, ते चावतं. सहा महिन्यांपूर्वी हाच भात ते माझ्या अंगावर थुंकत होतं.

लोक म्हणतात, पूर्वी बरं होतं. काही बरं नव्हतं. आमच्याकडे साताऱ्याला मजुरीवर जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला अफूचं बोट चाटवून झाडाखाली निजवायच्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. संध्याकाळी उचलायला गेलं तरी पोर झोपलेलंच. त्यापेक्षा हे गाणं बरं. निदान पोर जागं असतं.

पण मोबाईलने पोरांना काही चमत्कारिक सवयी लागतात, हे खरं. एकदा मी बाळ्याला समजावत होते, की माती खाऊ नये, पोटात जंत होतात, जंत झाले की डॉक्टर टोचतात. तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता. मला वाटलं, समजतंय. तेवढ्यात त्याने बोट पुढे केलं आणि माझ्या हनुवटीला उजव्या बाजूला खाली दाबलं. थांबला, परत दाबलं. मी पल्लवीला विचारलं, हे काय? ती हसू दाबत म्हणाली, "आई, त्या व्हिडिओच्या मधे जाहिरात लागते ना, ती तिथं दाबल्यावर जाते."

म्हणजे मी जाहिरात.

मामांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. त्यांचे डोळे लाल झाले. "आजीला बंद करतो? आमच्या बोटीवर असलं चाललं नसतं." आमच्या बोटीवर, हे त्यांचं सगळ्या गोष्टींवरचं औषध. बोटीवर कुणी ताटात टाकत नसे. बोटीवर जेवताना कप्तानसुद्धा पेपर वाचत नसे. बोटीवर कुणाचं पोर नव्हतं, एवढंच ते सांगत नसत.

त्यानंतर त्यांनी चंगच बांधला. सोसायटीच्या ऑफिसात एका रविवारी सगळ्या आयांना बोलावलं. विषय, काचेशिवाय जेवण. स्वतः घरून घावनं करून आणली होती. एका घावनाची त्यांनी बोट केली, गाजराची चिमणी लावली, मटाराचे खलाशी ठेवले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका पोराला मांडीवर घेतलं आणि भोंगा वाजवला. तोंडाने. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. पोर आधी दचकलं, मग खलाशी खाल्ले, मग चिमणी खाल्ली, आणि उरलेली बोट मामांच्या दाढीवर मारली. मामांनी दाढी पुसत विचारलं, "बघितलंत? कुठं लागली काच?"

सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या एका हाताने वाजवल्या, कारण दुसऱ्या हातात मोबाईल होता आणि प्रत्येकीने व्हिडिओ काढला होता. तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर गेला. तिसऱ्या मजल्यावरचं ते पोर पुढे आठवडाभर तोच व्हिडिओ बघत जेवलं. मामांना हे कुणी सांगितलं नाही.

पल्लवीचं आणि त्यांचं एकदा वाजलं. तिची मीटिंग चालू होती आणि तांदळाच्या डब्यात तिचा फोन वाजत होता. ती बाहेर आली, कोपरापर्यंत हात तांदळात घातला, फोन काढला आणि म्हणाली, "मामा, तुम्ही दहा मिनिटं येता. भोंगा वाजवता, छान वाटतं. उरलेला दिवस माझा असतो. मला पण टेन्शन आहे की त्याचे डोळे जातील, बोलायला उशीर होईल. सगळं वाचलंय मी. पण दोन हात आहेत मला."

मामांनी चपला घातल्या. जाताना दारात थांबून म्हणाले, "पोरी, तुजं बरोबर हाय. पण माझी झोया बघ."

ही झोया म्हणजे शबनमची मुलगी, दोन वर्षांची. मामांचा सगळा वाद शेवटी झोयापाशी येऊन थांबायचा. मस्कतहून शबनम रोज दुपारी व्हिडिओ कॉल करायची. त्याआधी मामा आंघोळ करून शर्टाला इस्त्री करत, गोल टोपी घालत, मनगटाला अत्तर लावत.

"अत्तर कशाला मामा? फोनमधून वास जातो?"

"माणूस भेटायला आलं की नीट बसावं लागतं, अक्का."

मग खुर्चीत ताठ बसून अर्धा तास कावळा, चिमणी, बोटीचा भोंगा, सगळं व्हायचं. मी एकदोनदा डोकावले. तिकडे एक गोबरी पोरगी, टक लावून मामांकडे बघत, तोंड हलवत असायची. मामा फोन माझ्यापुढे धरून दाखवत. "बघा. नीट बघा. जेवते का नाय? हातात काच हाय? नाय. माझ्याकडं बघते आणि जेवते. रोज. माझ्या शबनमनं वळण लावलंय."

मला त्यात काही खटकलं नाही. पल्लवीला खटकलं असावं. ती एकदा माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती, मग नुसतीच आत गेली.

या थंडीत शबनम दोन आठवड्यांसाठी येणार असं ठरलं. मामांनी फ्लॅटला रंग काढला. उंच खुर्ची आणली, लहान पोरांची, पुढे ताट ठेवायची फळी असलेली. तळवलीच्या कोळणीला सांगून ठेवलं की पापलेट हवं, पण कोवळं. एका संध्याकाळी ते आमच्याकडे चहा प्यायला बसले होते. मी विचारलं, "मामा, एवढं काय? लेकच येतेय."

ते बशी फिरवत म्हणाले, "अक्का, शबनमला मी एक घास भरवलेला नाय. अख्ख्या बोटीला जेवायला घातलं. घरी यायचो तवा ती आईच्या मागं लपायची. ओळख पटेपतूर माझी सुट्टी संपायची. मग ती मोठी झाली, हातानं जेवायला लागली." चहा संपवला. "झोयाला माझ्या हातानं भरवायचं हाय. एवढंच. मग मला काय नको."

मायलेकी आल्या त्या दिवशी मामांनी पहाटेपासून चूल पेटवल्यासारखा गॅस पेटवला होता. सांदणं वाफवली, मऊ भात केला, पापलेटाचा मधला तुकडा काटे काढून तुपात परतला. लिफ्टचं दार उघडलं, शबनम पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली. मामा हात पसरून पुढे झाले. "झोया! नाना आले!" त्या आवाजाने आमच्या घरात बाळ्या उठून रडायला लागला.

झोयाने वर बघितलं. फोनमध्ये नाना तळहाताएवढे. इथे दारात डोकं लागेल एवढा माणूस, अत्तराचा वास आणि भोंग्यासारखा आवाज. तिने बोट पुढे केलं, मामांच्या पोटावर टेकवलं आणि डावीकडे सरकवलं. मामा सरकले नाहीत. तिने परत सरकवलं. मग आईच्या खांद्यात तोंड घालून जी किंचाळली ती जेवणाची वेळ टळेपर्यंत थांबली नाही.

"प्रवासानं दमली," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही दमलेलीच होती. तिसऱ्या दिवशी मामांनी घावनाची बोट केली. तिने बोटीकडे बघितलंच नाही, घास तोंडाजवळ आला की ओठ असे मिटायची की शिंपला बरा. नुसतं दूध, तेही निम्मं. मधूनच आईच्या पर्सकडे हात करून "नाना, नाना" म्हणायची. मामा पुढे होऊन म्हणायचे, "अरे मीच नाना, बाळा." ती त्यांच्याकडे बघून परत रडायची. बिल्डिंगमध्ये बातमी जायला काय वेळ लागतो? दुसऱ्या मजल्यावरची बाई मला लिफ्टमध्ये म्हणाली, "काय हो आजी, मामांची बोट बुडाली वाटतं?" मी म्हटलं, "तुमच्या पोराचं गाणं बदला आधी, कान किटले." पण बाई चुकीचं बोलत नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी शबनम भाताची वाटी घेऊन आमच्याकडे आली. वाटी भरलेलीच. स्टुलावर बसली आणि डोळ्याला ओढणी लावली.

"अक्का, अब्बांना कसं सांगू? ती तिकडं पण असलीच होती. काही खायची नाय. कार्टून लावलं की खायची, तर डॉक्टर ओरडले. एकदा अब्बांचा कॉल चालू होता, त्यांनी भोंगा वाजवला आणि तिनं तोंड उघडलं. मी पटकन घास घातला. त्या दिवशी अख्खी वाटी संपली. मग मी रोज जेवायच्या वेळेलाच कॉल लावायला लागले. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवायचा, समोर अब्बा, आणि बाजूनं मी भरवायचं."

"म्हणजे त्यांना वाटतं, तू त्यांच्यासाठी फोन करतेस."

तिने वाटी खाली ठेवली. "त्यांच्यासाठी पण करते."

"मग आता लाव की कॉल."

"कुणाला लावू? ते समोर उभे असतात. दिवसभर हलत नायत. आणि त्यांच्यासमोर कसला पण फोन तिला दिला तर... त्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय, अक्का."

तिच्याने सांगवणार नव्हतं. पल्लवी सांगणार नव्हती. उरले मी. मला असली कामं येतात, कारण मला गोड बोलता येत नाही.

मामा जिन्यात पायरीवर बसले होते. बहुतेक पोरीला आपण दिसू नये म्हणून. मी त्यांच्या वरच्या पायरीवर कठडा धरून उभी राहिले. बसले असते तर उठता आलं नसतं.

"मामा, तुमची झोया काचखाऊ आहे."

"खोटं. मी रोज बघतो."

"तुम्ही काचेतून बघता. ती पण काचेतूनच बघते. तुम्हाला बघितल्याशिवाय ती घास घेत नाही. तिचं कार्टून तुम्हीच आहात."

ते माझ्याकडे वळले. बोटीवर असं चाललं नसतं, असं काहीतरी म्हणतील असं वाटलं, पण तसं ते म्हणाले नाहीत. दाढीवरून हात फिरवला. खाली कुणाच्या तरी दाराआड ते गाणं लागलं.

"कार्टून," ते म्हणाले.

"हो. आणि ते चार दिवस बंद आहे. म्हणून पोर उपाशी आहे."

"मग मी काय करू? परत बोटीवर जाऊ?"

"एवढं लांब नको. माझ्या स्वयंपाकघरात या आणि तिथून फोन लावा."

"आपल्याच घरातल्या पोरीला, भिंतीपलीकडून?" ते उठून उभे राहिले. "लोक काय म्हणतील, अक्का? मी मीटिंग घेतली होती."

"तुमच्या मीटिंगचा व्हिडिओ लावून तिसऱ्या मजल्यावरचं पोर आठवडाभर जेवलंय. लोक काही म्हणत नाहीत. लोकांना दुपारी पोर जेवलं की पुरे असतं."

हे त्यांना नवीन होतं. ते परत खाली बसले. मला वाटलं, मी जरा जास्तच बोलले. पण गुडघे दुखत होते आणि पोर उपाशी होतं, दोन्ही खरंच होतं. थोड्या वेळाने ते कठडा धरून उठले आणि घरात गेले.

मी शबनमला सांगून, पुढची तयारी करून बसले तरी मामांचा यायचा पत्ता नाही. म्हटलं, रागावले. त्यांचं दार उघडून बघते तर आत इस्त्रीचा वास. चार दिवस उपाशी असलेली पोरगी तिकडे रडते आहे आणि हा माणूस कॉलर दाबून दाबून इस्त्री करतोय. मग टोपी घातली. अत्तराची बाटली उचलली आणि लावायचं ते लावलंच.

आमचं स्वयंपाकघर आणि त्यांचा हॉल यांत एकच भिंत आहे. बिल्डरने ती कशी बांधलीय ते विचारू नका, त्यांच्याकडे पंख्याचं बटण दाबलं तरी आमच्याकडे कळतं. मामा ओट्याजवळ माझ्या स्टुलावर बसले. एवढा मोठा माणूस, एवढं छोटं स्टूल. मी त्यांच्या पुढ्यात डबा उभा केला, त्याला फोन टेकवला. पलीकडे शबनमने उचलला.

फोनमध्ये झोयाचं तोंड आलं. डोळे सुजलेले. तिने बघितलं, थांबली, आणि म्हणाली, "नाना?"

मामांनी भोंगा वाजवला. पण अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. भिंतीतून आवाज गेला तर पोरीला कळेल, म्हणून. ज्या माणसाच्या आवाजाने कॅलेंडर हलायचं तो कुजबुजत होता, "आ कर... आऽऽ... बोट आली बघ झोयाची..." बोलताना त्यांचा उजवा हात घास धरल्यासारखा वर गेला आणि फोनच्या काचेपाशी थांबला. तिकडे तोंड उघडलं. शबनमचा हात बाजूने आला आणि घास गेला. मग दुसरा गेला. तिसऱ्याला मामांनी कावळा केला आणि झोया हसली.

ते हसणं आधी भिंतीतून आलं. मग, जरा मागाहून, तेच हसणं फोनमधून आलं. मामा दचकून भिंतीकडे वळले. परत फोनकडे बघून त्यांनी कावळा केला. परत तसंच, आधी भिंतीतून आणि मग फोनमधून.

मामांनी अंगठ्याने फोनचा आवाज कमी करत करत पार बंद केला. स्टूल पाठीमागे सरकवलं, कान भिंतीला लागेल इतकं. आणि डोळे फोनकडे ठेवून परत कुजबुजायला लागले, "काऊ ये... चिऊ ये..."

माझ्या कढईत मेथी चरचरत होती. मी गॅस बंद केला. तिचा आवाज फार होत होता.